खिशातले यंत्र आणि आपली जबाबदारी
(शाखेच्या सभेतील भाषण)



टपालाची थैली ताब्यात घेताना मोहोर पाहायची, ती तुटलेली असेल तर आधी तशी नोंद करायची, ही आपली जुनी शिस्त. आज तितकाच मोलाचा ऐवज आपल्या खिशात असतो. तिकीट तपासनिसाच्या हाती आरक्षणाचे यंत्र आहे, पोस्टमनच्या हाती खात्याचा मोबाइल आहे. २०१८ साली पोस्ट पेमेंट्स बँक आली आणि गोरगरिबांची खाती त्याच यंत्राला जोडली गेली. या थैलीची मोहोर म्हणजे पासवर्ड.

ही मोहोर तुटली तर जबाबदार कोण? टपालाला लागू असलेले १९६५ चे सी.सी.एस. (सी.सी.ए.) नियम आणि रेल्वेचे १९६८ चे शिस्त व अपील नियम, दोन्हींत निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान पगारातून वसूल करण्याची शिक्षा आहे. परंतु त्याआधी आरोप लेखी कळवून आपले म्हणणे घ्यावे लागते. म्हणून तोंडी दमदाटीला घाबरून कोऱ्या कागदावर सही करू नका. लेखी मागा आणि प्रत घेऊन शाखा सचिवांकडे या.

हक्क मागताना आपली बाजू भक्कम हवी. "माझ्या आयडीवर जरा काम कर," असे मैत्रीतही म्हणू नका. त्या आयडीवर जे घडेल ते आपल्या नावावर लागते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ सी खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रनिंग रूममध्ये किंवा फलाटावर फोन चार्ज करताना आपलाच चार्जर भिंतीच्या सॉकेटला लावा. यू.एस.बी.च्या तारेतून विजेबरोबर माहितीही जाऊ शकते. स्टेशनच्या फुकट वाय-फायवर वर्तमानपत्र खुशाल वाचा. बँकेचे आणि खात्याचे काम आपल्या सिमवरच करा. झोपताना फोन उशाशी उघडा ठेवू नका, कुलूप लावा.

ड्यूटीवर निघण्यापूर्वी *#०६# दाबून येणारा आय.एम.ई.आय. क्रमांक डायरीत लिहून ठेवा. गाडीत फोन चोरीला गेला तर रेल्वे पोलिसांत तक्रार नोंदवून प्रत घ्या, जुने सिम बंद करून नवे घ्या आणि 'संचार साथी'वर फोन बंद करवा. वरिष्ठांना वेळ घालून लेखी कळवा. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन करा. येथे प्रत्येक मिनिट मोलाचे आहे.

आता प्रशासनाला आमचे सांगणे. यंत्र तुम्ही दिलेत, तर ते ठेवायला प्रत्येक विश्रामगृहात कुलपाचे कपाट द्या. ते वापरण्याचे शिक्षण ड्यूटीच्या वेळेत आणि कामगाराला समजेल अशा भाषेत द्या. साधने न देता केवळ वसुलीची नोटीस देणे आम्हाला मान्य नाही.

मित्रहो, दक्षता आपली आणि साधने प्रशासनाची. एवढी साधी मागणी घेऊन आपण एकजुटीने उभे राहू.