चार्जर आहे, पण चालू आहे का?

(रामवाडी, ता. पेण येथे बायकांच्या बैठकीत केलेलं हे भाषण. थोडं संक्षिप्त करून देत आहोत.)

मैत्रिणींनो,

आज विजेच्या गाड्यांच्या चार्जरबद्दल बोलणार म्हटल्यावर इथल्या दोघीतिघी हसल्या. एक म्हणाली, "आमच्याकडे स्कूटर नाही, तुम्ही मोटारीचं काय सांगताय?" तिचं चुकलं नाही. आपल्यापैकी बहुतेकजणी एसटीनंच फिरतो. तरीही हा विषय आपला का आहे, ते सांगते. आधी एक अनुभव.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघी कार्यकर्त्या एका बाईच्या पोटगीच्या तारखेला महाडच्या कोर्टात गेलो होतो. ती आणि तिची चार वर्षांची मुलगी बरोबर होती. गाडी माझ्या मैत्रिणीची, विजेवर चालणारी. कोर्टात उशीर झाला. परतताना वाटेत अर्धा तास गाडी चार्ज करायची, असं ठरलं होतं. मोबाईलवरच्या ॲपमध्ये एका हॉटेलच्या आवारातला जलद चार्जर हिरवा दिसत होता. हिरवा म्हणजे चालू आणि मोकळा.

रात्री साडेनऊला पोचलो. हॉटेल बंद, आवारात अंधार, धो धो पाऊस. चार्जरचा पडदा काळा. बटण दाबलं, गन काढून पुन्हा लावली, काही नाही. मदतीच्या नंबरवर फोन केला. कुठल्या तरी लांबच्या शहरातला मुलगा हिंदीत म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे तर चार्जर चालू दाखवतोय." पुढचा चार्जर कुठे, तर तीस किलोमीटरवर. तो तरी चालू असेल का, हे त्याला सांगता येईना. गाडीत जेमतेम तेवढीच चार्जिंग. संडास होता, त्याला कुलूप. मुलगी रडायला लागली. तिच्या आईनं मला हळूच विचारलं, "ताई, ते लोक मागून आले तर?" ते लोक म्हणजे तिच्या सासरचे.

शेवटी हॉटेलवाल्याच्या बायकोनं मागचं दार उघडलं. आम्हाला आत घेतलं, चहा केला आणि स्वयंपाकघरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला आमची वायर लावू दिली. पहाटे चारला आम्ही निघालो. त्या बाईचे उपकार आहेतच. पण रस्त्यावरची सोय कुणाच्या उपकारावर चालते, तेव्हा ती सोय राहत नाही.

आता हे यंत्र काय असतं ते बघू. घरच्या १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला साधारण तीन युनिट वीज गाडीत जाते. तीस युनिटची बॅटरी भरायला दहा तास लागतात. जलद चार्जर तेच काम तासाभरात करतो, कारण तो तीन फेजवर चालतो आणि वीज आतच बदलून थेट बॅटरीला देतो. घरी चार्जिंग करणाऱ्याला तो रोज लागत नाही. लांबच्या प्रवासात मात्र त्याच्यावाचून भागत नाही. म्हणून तो नेमका परक्या गावी आणि अवेळी लागतो.

तो बंद का पडतो? कारणं साधीच आहेत. एक फेज गेली किंवा व्होल्टेज उतरलं की तो थांबतो. आपल्याकडचा पाऊस, दमट खारी हवा आणि रस्त्याची धूळ आतल्या कार्डांना आणि पंख्यांना सोसत नाही. गन शंभर हातांत आपटते, तिची खटकी मोडते. गाडी आणि चार्जर एकमेकांशी आधी बोलतात आणि मग वीज सुरू होते. ते बोलणं जुळलं नाही तर दोन्ही धडधाकट असून काम होत नाही. बहुतेक चार्जर मोबाईलच्या ॲपवरून सुरू होतात. टॉवर गेला की वीज असूनही चार्जर मुका. त्यातून प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं आणि त्यात आधी भरायचे पैसे वेगळे.

ही सगळी कारणं दुरुस्त होणारी आहेत. होत नाहीत, कारण दुरुस्तीची जबाबदारी घेणारं माणूस जवळपास नसतं. अनुदान मिळतं ते चार्जर बसवण्यासाठी. मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जरसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. हा पैसा आपल्या सगळ्यांचा आहे, मोटार असो वा नसो. केंद्राच्या २०२२ च्या नियमावलीत आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणात हमरस्त्यावर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय सांगितली आहे. चांगलंच आहे. पण अंतर मोजायचं ते बसवलेल्या चार्जरपर्यंत की चालणाऱ्या चार्जरपर्यंत?

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. कागदावर गावात चार हातपंप, पाणी एकाला, आणि हंडे आपल्या डोक्यावर. कागदावर मुतारी, दाराला कुलूप. मुंबईत २०११ साली बायकांनी 'राइट टू पी'ची मोहीम काढली, ती अशीच मोजणी करून. चार्जर हे त्याच रांगेतलं नवं यंत्र आहे. एसटीची पहिली विजेवरची 'शिवाई' १ जून २०२२ रोजी पुणे–नगर मार्गावर धावली. आपण अर्ध्या तिकिटात ज्या गाड्यांतून फिरतो त्याही हळूहळू विजेवर येणार. एसटीचे चार्जर वेगळे असले तरी बिघाड हेच आणि प्रश्नही हाच.

परदेशात सगळं सुरळीत आहे असंही समजू नका. २०२२ साली बर्कलीच्या संशोधकांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ६५७ जलद गन स्वतः जाऊन तपासल्या. चालू निघाल्या फक्त ७२.५ टक्के. कंपन्यांचे दावे याहून कितीतरी जास्त होते. मग तिथल्या सरकारनं आपल्या मदतीतून उभारलेले चार्जर ९७ टक्के वेळ चालू असलेच पाहिजेत असा नियम केला. ब्रिटनच्या २०२३ च्या कायद्यानं जलद चार्जरच्या जाळ्याला ९९ टक्क्यांची अट घातली आणि चोवीस तासांचा फुकट मदतफोन सक्तीचा केला. म्हणजे तक्रार करणाऱ्यांच्या हातात मोजलेला आकडा आला, तेव्हा नियम झाले.

आपलं मागणं काय? चार्जर महिन्यात किती तास बंद होता हे त्याच्यावरच्या फलकावर लिहा आणि अनुदानाचा काही भाग तो चालू ठेवल्यावरच द्या. फलकावर स्थानिक माणसाचा नंबर लावा. मराठीत बोलणारं कुणीतरी रात्री फोन उचलू दे. ॲप नसलं तरी काउंटरवर पैसे देऊन चार्जर सुरू करता आला पाहिजे. एका ठिकाणी किमान दोन गन हव्यात. आणि दिवा, पाणी, उघडा संडास नसेल तर त्या जागेला केंद्र म्हणू नका.

दुरुस्तीचं कामही आपल्या मुलींना मिळू दे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कार्यक्रमातून बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यांतल्या बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर. हे बायकांचं काम नाही, असं त्यांनाही ऐकवलं गेलं. पण पाना त्यांच्या हातात आल्यावर पंप महिनोन्‌महिने सरकारी मिस्त्रीची वाट बघत पडून राहिले नाहीत. आपल्या मुली आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करतात. त्यांना हे यंत्र शिकवा.

मागण्या मांडून थांबायचं नाही. ही वही बघा, मी रेघा मारून आणली आहे. तारीख, वेळ, जागा. पडदा चालू? गन धड? दिवा? पाणी? संडास उघडा? फोन उचलला? सहा प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. रामवाडी हमरस्त्यावरच आहे. येताजाता आपल्याला जो चार्जर दिसेल तो बघायचा, त्यासाठी गाडी असावी लागत नाही. दोघीदोघींनी जायचं, एक फेरी दिवसा, एक दिवेलागणीनंतर. फक्त गनला आणि वायरला पावसात हात लावायचा नाही, नुसतं बघून लिहायचं.

गणपतीला सगळी मुंबई याच रस्त्यानं कोकणात उतरते. त्याआधी चार शनिवारांच्या नोंदी झाल्या, तर त्या घेऊन आपण तहसीलदारांकडे आणि वीज कार्यालयात जाऊ. "आमच्याकडे तर चालू दाखवतोय," असं तिथे कुणी म्हणालं, तर वही समोर ठेवू.

पहिल्या शनिवारी कोण कोण येणार, तेवढी नावं आत्ताच लिहून घेऊ या.