करणसूत्राचं घर



चाळीसगावात भरलेल्या, गणित व संगणकशास्त्राच्या शिक्षकांच्या या परिषदेचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. या गावामुळे या मानाला वेगळं वजन आलं आहे. इथून जवळच, पाटणादेवीच्या डोंगरपायथ्याशी, शके 1128 चा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांसमोर आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यानं पाटण इथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवानं त्याला दान दिलं, असं तो लेख सांगतो. भास्कराचार्यांचं मूळ गाव कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहेत. त्यांचं गणित शिकवण्यासाठी मठ कुठे उभा राहिला, हे मात्र दगडावर कोरलेलं आहे.

त्या मठात काय शिकवलं जात असेल? 1150 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, भास्कराचार्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्यातल्या ‘लीलावती’त जागोजागी एक शब्द भेटतो: करणसूत्र. करणसूत्र म्हणजे हिशेब करण्याची रीत. आधी हे करा, मग ते करा, अमुक झालं की थांबा. आज आपण ज्याला अल्गोरिदम म्हणतो, तो हाच. गणित आणि संगणकशास्त्र यांचं नातं मला या एका शब्दात दिसतं. ही दोन्ही शास्त्रं करणसूत्राच्या एकाच घरात राहतात.

भास्कराचार्यांचंच एक उदाहरण घेऊ. एखाद्या धन पूर्णांकाचा वर्ग करा, त्याला 61 नं गुणा, 1 मिळवा. येणारी संख्याही पूर्ण वर्ग असली पाहिजे. असा सर्वांत लहान पूर्णांक आहे 22,61,53,980. एक-एक संख्या तपासत मिनिटाला एक या वेगानं कुणी रात्रंदिवस बसला असता, तर 1150 साली बसलेला माणूस 1580 च्या सुमारास उठला असता. भास्कराचार्यांनी चक्रवाल रीत वापरली. सुरुवात 8 पासून: 8 चा वर्ग 64, त्यातून 61 गेले, उरले 3. पुढच्याच फेरीत 39 चा वर्ग 1521 आणि 61 गुणिले 25 म्हणजे 1525. फरक उणे 4. अशा मोजक्या पायऱ्यांत फरक 1 वर येतो आणि उत्तर हाती येतं. पाच शतकांनी, 1657 साली, फर्मानं युरोपातल्या गणितज्ञांपुढे हाच 61 चा प्रश्न आव्हान म्हणून ठेवला.

पण ही रीत दर वेळी थांबेलच कशावरून? चक्रवाल नेहमी उत्तरापाशी पोचतं, हे कृष्णस्वामी अय्यंगार यांनी 1929-30 च्या सुमारास सिद्ध करून दाखवलं. प्रत्येक करणसूत्राला तीन प्रश्न विचारावे लागतात. उत्तर बरोबर येतं का? रीत थांबते का? किती पायऱ्यांत थांबते? पहिले दोन प्रश्न गणितानं संगणकाला शिकवले. तिसरा पूर्वीही मनात असे, पण त्याचं स्वतंत्र शास्त्र व्हायला संगणक यावा लागला.

या तिसऱ्या प्रश्नाचं मोठं उत्तर एका मराठी माणसानं दिलं. मर्यादित गाड्यांतून कोणता माल कुठे पाठवला तर खर्च सर्वांत कमी येईल, अशा प्रश्नांना रेषीय नियोजन म्हणतात. शक्य असलेल्या सगळ्या पर्यायांचा मिळून एक पैलूदार आकार होतो आणि उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर असतं. जुनी सिम्प्लेक्स रीत कडेकडेनं, एका कोपऱ्यावरून दुसऱ्यावर जाते. काही उदाहरणांत ती कोपरे मोजतच बसते. 1984 साली बेल लॅब्जमध्ये काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांनी आकाराच्या पोटातून वाट काढली आणि पायऱ्यांची संख्या आटोक्यात राहते हेही सिद्ध केलं. प्रश्न संगणकाचा होता, उकल भूमितीतून आली.

उलट दिशेचं उदाहरण आपल्याच लोहमार्गावरचं आहे. देवळालीच्या शाळेतले शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी कागद-पेन्सिलीवर 6174 ही संख्या शोधली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी करा, आणि तेच पुन्हा पुन्हा करा. जास्तीत जास्त सात वेळांत 6174 येते. संगणक अशा सगळ्या 8991 संख्या डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तपासून देतो.

मी हा प्रोग्राम वर्गात लिहून घेतो. एका वर्षी एका मुलीनं 2111 घेतली आणि उत्तर शून्य आलं. कापरेकरच चुकले, असं वर्गाला वाटलं. मी तिला तीच वजाबाकी फळ्यावर करायला सांगितलं. 2111 वजा 1112 म्हणजे 999. प्रोग्रामनं पुढच्या फेरीत 999 मधून 999 वजा केले होते. कापरेकरांच्या रीतीत ही संख्या 0999 आहे. ती उलटसुलट मांडली की 9990 वजा 0999, म्हणजे 8991. यंत्र सांगितल्याप्रमाणेच चाललं होतं. विसर पडला होता तो डावीकडच्या शून्याचा, म्हणजे स्थानमूल्याचा. त्या दिवशी प्रोग्राममुळे त्या वर्गाला स्थानमूल्य नव्यानं कळलं, आणि स्थानमूल्यामुळे प्रोग्राम दुरुस्त झाला. दोन शास्त्रं एकमेकांना काय देतात, हे मी याहून चांगलं सांगू शकणार नाही.

आता तर यंत्रं स्वतःच प्रोग्राम लिहून देतात. अशा वेळी ते शून्य कोणाच्या लक्षात येणार? ज्यानं एकदा हातानं वजाबाकी केली आहे, त्याच्याच. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. संगणकाच्या विद्यार्थ्याला सिद्धता लिहायला लावा आणि गणिताच्या विद्यार्थ्याला प्रोग्राम. दोन्ही विभागांमधली भिंत आपण शिक्षकांनीच उतरवली पाहिजे. मुलांना पाटणला न्या, चक्रवालाच्या पहिल्या दोन फेऱ्या तिथे वहीत करू द्या आणि उरलेल्या प्रयोगशाळेत यंत्राकडून करून घ्या. आणि हे सगळं मराठीत शिकवा.

मराठीत का, त्याचंही उत्तर त्या शिलालेखात आहे. लेखाची सुरुवात संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग त्या काळच्या मराठीत आहे. पाटणच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला, असं त्यात म्हटलं आहे. ज्यांना तो भरायचा होता त्यांना कळावं म्हणूनच तिथे मराठी आली, असं मला वाटतं. इथल्या बाजारहाट करणाऱ्या माणसांनी ‘लीलावती’ शिकवणाऱ्यांना पोसलं.

त्या बाजाराकडे गणित परतही आलं आहे. 7 नं गुणून 1 वजा केला की 40 नं निःशेष भाग जाईल अशी संख्या कोणती? 23. अशी संख्या काढण्याची रीत आर्यभटापासून भास्कराचार्यांपर्यंत चालत आली; तिला कुट्टक म्हणतात. 1977 साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी गुप्तलेखनाची जी पद्धत मांडली, तिच्यात गुप्त किल्ली शोधायची पायरी हीच आहे. फक्त संख्या शेकडो अंकी असतात. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे.

पाटणच्या ग्राहकांनी आठशे वर्षांपूर्वी भरलेला कर वाया गेला नाही. तो मठ आज नाही, पण आपले वर्ग आहेत. चांगदेवानं जे काम सुरू केलं, ते पुढे चालवणं आपल्या हाती आहे.