भक्षक मागून येतो



  कीटकशास्त्र परिषदेच्या अध्यक्षाने वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. हुमणी, खोडकिडा, पांढरी माशी यांवरचे निबंध तुमच्या हातात आहेतच. मी बोलणार आहे उसावरच्या लोकरी माव्यावर. जुना विषय म्हणून नाक मुरडू नका.

जुलै २००२ मध्ये सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांखाली पांढरी लोकर दिसली आणि बघता बघता ती सातारा, कोल्हापूर, बेळगावपर्यंत पोचली. या माव्याच्या मादीला नर लागत नाही, अंडी घालावी लागत नाहीत. ती थेट पिल्लं देते. वरच्या पानांवरून चिकट द्राव ठिबकतो, खालच्या पानांवर काजळी धरते. शेतकरी हबकला. आपण फवारणी सांगितली.

त्यात काय चुकलं, ते एका जुन्या गणितात आहे. इटलीचे गणितज्ञ व्हॉल्तेरा यांनी १९२६ मध्ये एड्रियाटिक समुद्रातल्या माशांवरून गणित मांडलं. भक्ष्य आधी वाढतं, भक्षक मागून वाढतो. आणि दोघांना सारखंच मारत राहिलं, तर सरासरीत भक्ष्य वाढतं, भक्षक घटतो. हे आपण परीक्षेत पाच मार्कांना विचारतो आणि दुसऱ्या दिवशी दोघांनाही मारणारं औषध लिहून देतो! माझा राग आहे तो यावर.

मावा पुढे कशाने आटोक्यात आला, यावर सकाळी बराच वाद झाला. कुणी औषधाला श्रेय दिलं, कुणी हवामानाला, कुणी आसामातून आणलेल्या एन्कार्शिया या परोपजीवी कीटकाला. मी वाळवा तालुक्यातल्या एका आडसाली उसाची गोष्ट सांगतो. पीक इतकं दाटलेलं, की पंपवाला आत शिरायला तयार होईना. औषध पडलं ते कडेच्या सऱ्यांवर. काही आठवड्यांनी कडेला मावा पुन्हा पांढराफटक. मधल्या सरीत पान उलटलं, तर माव्याच्या थरावर विरळ जाळं आणि त्यात डिफा या भक्षकाची हिरवट करडी अळी निवांत चरत होती. शेजारी मायक्रोमस या दुसऱ्या भक्षकाची पिल्लं धावत होती. शेतकरी म्हणाला, "साहेब, ही नवी कीड कसली? हिच्यावर काय मारू?" माझ्यापुरता वाद तिथेच मिटला.

या मधल्या सऱ्यांवर एक परिच्छेद मी तेव्हाच्या अहवालात लिहिला होता. छापील प्रतीत तो नव्हता. कुठे गळाला, ते सांगत नाही. संबंधित मंडळी निवृत्त झाली, मीही झालो.

हे सगळ्या किडींना लावू नका. हुमणीची वर्षात एकच पिढी, ती जमिनीत; तिचा हिशेब वेगळा. पण ज्या किडीमागे भक्षक लागतो, तिथे त्याला पोचायला वेळ द्यायला हवा. माझ्या काळातली शेतं आता कारखान्यांच्या नोंदीतही सापडायची नाहीत. म्हणून परिषदेने बिनफवारणीच्या सऱ्यांची एक सामाईक नोंदवही सुरू करावी. कोणी ठेवायची, खर्च कुठून, हे कार्यकारिणीने बघावं.

एवढंच मागतो: शिफारस लिहिण्याआधी पान उलटा, मावा मोजा आणि त्यावर चरणारेही मोजा. नुसता मावा मोजलेला निबंध पुढच्या परिषदेने परत पाठवावा.