मूठभर धान्याची कोठी

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. सगळ्या जातिधर्मांची मुलं तिथे एका पंगतीत जेवत. त्यांच्यासाठी ‘मुष्टिफंड’ उभा राहिला. घरोघरच्या बायका दळणातलं मूठभर धान्य बाजूला काढत आणि ते मुलांच्या ताटात पोहोचे. पैसा नसलेल्या घरालाही देता यावं, हे मला त्यात फार मोलाचं वाटतं.

आज जवळच्या वसतिगृहाला शिधा द्यायचा असेल, तर कोठीत काय संपत आलंय ते आधी विचारा. तांदूळ पुष्कळ जण देतात. तूरडाळ, तेल, गूळ विसरतात. पाकिटावरची तारीख पाहा. किडलेलं धान्य, उघडलेलं पाकीट देऊ नका. आणि फक्त दिवाळीची वाट पाहू नका. जूनमध्ये शाळा उघडतात, तेव्हाही कोठी भरावी लागते.