कामाच्या जागीं मोकळें बोलणें

राजगुरुनगर म्हणजे पूर्वींचें खेड. भीमेच्या कांठचें हें गांव हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांची जन्मभूमि. आज येथील पुष्कळ तरुणांची रोजची वाट चाकणच्या कारखान्यांकडे जाते. परसत्तेपुढें निर्भयपणें उभ्या राहिलेल्या वीराच्या या गांवच्या मुलाला, यंत्राचा बदललेला आवाज ऐकूनहि, तें साहेबांच्या कानावर घालण्याचें धैर्य होत नसेल, तर दोष कोणाचा, याचा आज थोडा विचार करूं.

लहान तोंडीं मोठा घास घेऊं नये, अशी आपल्याकडील जुनी शिकवण आहे. घरांत ती शोभते. कारखान्यांत मात्र तिचा अर्थ पालटतो. प्रेसवरील संरक्षक जाळी सैल झाली, हें प्रथम त्या प्रेसवर काम करणाऱ्यालाच दिसतें. तो गप्प राहिला, तर त्याचा आज्ञाधारकपणा त्याचीं बोटें वांचवूं शकत नाहीं.

हा प्रश्न नवा नाहीं. १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांना आठवड्याची नियमित सुट्टीहि नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं त्या वर्षींच्या सप्टेंबरांत सभा भरविल्या आणि सुमारें साडेपांच हजार सह्यांचा अर्ज सिद्ध झाला. मागण्या काय होत्या? रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आंत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन. यांत अवास्तव असें कांहींच नव्हतें. तरी रविवारच्या सुट्टीसाठीं १८९० चा जून उजाडावा लागला, आणि त्यापूर्वीं एप्रिलांत महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांना जमावें लागलें. त्या सभेंत दोन कामगार स्त्रियाहि बोलल्या. जें एकट्यानें शांतपणें सांगितलें तरी पटावें, त्यासाठीं एवढा मेळावा लागला. ऐकणाऱ्यांच्या बहिरेपणाची ही किंमत होय.

याच्या उलट उदाहरण जपानांतील. साकिचि तोयोदा यांनीं सूत तुटतांच आपोआप थांबणारा माग बनविला. पुढें त्यांच्या घराण्याच्या मोटार-कारखान्यांत हेंच तत्त्व माणसांना लागू झालें. दोष दिसतांच कामगारानें दोरी ओढावी. प्रमुखानें धांवत यावें. दोष वेळेंत सुटला नाहीं, तर सारी लाइन थांबावी. दोरी ओढणारा अपराधी नव्हे, उपकारकर्ता, ही त्यामागील दृष्टि.

आपल्याकडेहि १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर, १९८७ सालीं, धोकादायक प्रक्रियांच्या कारखान्यांतील कामगारांना, संकट समोर दिसतांच तें वरिष्ठांस कळविण्याचा हक्क कायद्यानें दिला. पण कायदा दार उघडतो; आंत पाऊल टाकण्याची हिंमत वरिष्ठांच्या वागणुकीनेंच येते. ज्याची नोकरी ठेकेदाराच्या शब्दावर टिकते, त्याला तर ती हिंमत फारच महाग पडते.

मग करावें काय? पाळीच्या आरंभीं सुपरवायझरनें “सगळें ठीक ना?” असें विचारलें, तर “हो साहेब” हेंच उत्तर येणार. त्याऐवजीं “काल कोणत्या मशीननें त्रास दिला?” असें विचारावें. दुसरें, सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला ठरल्या दिवशीं उत्तर द्यावें. नकार असला तरी कारणासह द्यावा. पेटींत पडून राहिलेल्या चिठ्ठ्या पुढच्या चिठ्ठ्या बंद करतात. तिसरें, चूक दाखवावयाची ती एकांतांत, आणि कामाची, माणसाची नव्हे. “तूं निष्काळजी आहेस” या वाक्यानें मन दुखावतें. “हा बोल्ट सैल राहिला, कां राहिला तें पाहूं” या वाक्यानें काम सुधारतें. कामगारानेंहि ऐकीव गोष्ट न आणतां डोळ्यांनीं पाहिलेली आणावी, आणि सहकाऱ्याची चहाडी व कामाची तक्रार यांतील अंतर ओळखावें.

श्रोतेहो, आपल्यापैकीं अनेकांच्या हाताखालीं माणसें काम करीत असतील. गेल्या आठवड्यांत त्यांतील एकानेंहि आपल्याला अप्रिय असें कांहीं सांगितलें नसेल, तर सर्व सुरळीत आहे असें समजून निश्चिंत होऊं नये. उद्यां त्यांच्याजवळ जाऊन, खुर्ची ओढून बसावें, आणि प्रथम आपण गप्प राहावें.