जुने फोटो उजळताना

घरोघरचे जुने कृष्णधवल फोटो आता स्कॅन होऊ लागले आहेत, ही चांगली गोष्ट. पण स्कॅन झाल्यावर आपण ते 'उजळतो', आणि नुकसान होते ते तिथे.

साध्या जेपेग फोटोत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६च छटा मावतात. फिकट पडलेल्या फोटोत त्यातल्या, समजा, शंभरच असतात. त्या ताणून पूर्ण पट्टीवर पसरल्या, तरी छटा शंभरच राहतात. मधल्या जागा रिकाम्या. मग आजीच्या गालावरची मऊ सावली पायऱ्यापायऱ्यांची दिसू लागते. १६ बिटच्या फाइलमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात. तिथे ताण दिला तरी फट डोळ्यांना जाणवत नाही.

म्हणून स्कॅनरच्या सेटिंगमध्ये १६ बिट ग्रेस्केल निवडा आणि फाइल टिफमध्ये ठेवा. आठ बिटमध्ये घेतलेला फोटो नंतर सोळाचा केला, तरी गेलेल्या छटा परत येत नाहीत. मूळ फाइलला हात लावू नका, प्रतीवर काम करा. जेपेग शेवटी एकदाच करा. फेरफार करून ती पुन्हापुन्हा सेव्ह केली की तपशील झिजतो.

कागद पिवळा पडतोच आहे. नातवंडांना पणजोबांचा चेहरा दिसेल तो याच फाइलमधून. तेव्हा घाई नको.