परळास एक खोली
(महोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या निमित्तानें देवळाची रंगरंगोटी झाली, घंटाघराची डागडुजी झाली; आतां शिल्लक निधीचें काय करावें, हा प्रश्न आपणांपुढें आहे. प्रवेशद्वारीं संगमरवरी कमान उभारावी असें कित्येकांचें मत आहे, व तें भक्तिभावानेंच दिलेलें आहे. आम्ही रुग्णभेट-मंडळाचे सभासद मात्र निराळी विनंति घेऊन उभे आहों. परळच्या कर्करोग-रुग्णालयाजवळ आपल्या धर्मग्रामानें एक खोली घ्यावी, ही ती विनंति.

वसईहून मुंबई ती केवढी दूर, सकाळीं जावें, सायंकाळीं परतावें, खोली कशाला, असें कोणी म्हणेल. आक्षेप खोटा नव्हे. वसई रोडाहून दादर सुमारें ४० किलोमीटर, आणि आपले तरुण ही वाट रोज तुडवितात. पण किरणोपचार म्हणजे काय, हें ज्यांनीं घरांत पाहिलें आहे त्यांस विचारावें. यंत्राखालीं निजण्यास कांहीं मिनिटेंच लागतात; परंतु तीं मिनिटें सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रोज, आणि असे पुष्कळदां पांच-सहा आठवडे. तेवढ्यासाठीं रुग्णालयाची खाट मिळत नाहीं. ती शस्त्रक्रियेच्या रोग्यासाठीं राखावी लागते. पहिल्या आठवड्यांत आई हंसत गाडींत चढते. तिसऱ्या-चवथ्या आठवड्यांत घसा सोलवटतो, थुंकी गिळवत नाहीं, अंगांतलें त्राण जातें. आणि विरारच्या गाडीच्या दारांत तिला दोन्ही हातांनीं सांवरीत मुलगा उभा असतो. औषधांच्या उपचारांत रक्तांतील पांढऱ्या पेशी घटतात. अशा माणसास गर्दी ही नुसती गैरसोय नसून धोका आहे; आणि रात्रीं ताप चढला, तर सकाळच्या गाडीची वाट पाहतां येत नाहीं.

हें झालें आपलें. नगर, नाशिक, जालना या बाजूंच्या आपल्या ख्रिस्ती बांधवांस तर परतण्याचाही मार्ग नाहीं. रेल्वे कर्करोग्यास व त्याच्या सोबत्यास भाड्यांत सवलत देते, तें उत्तमच. परंतु गाडींतून उतरल्यावर रात्र कोठें काढावी, याचें उत्तर तिकिटावर लिहिलेलें नसतें. परळच्या पदपथावर म्हाताऱ्या बापाच्या उशाशीं बसून राहिलेलीं मुलें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं आहेत.

टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें. तेथें आयुष्य वेंचणारे शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जिस, मूळचे गोव्याचे व आपल्याच धर्माचे, १९६९ सालीं वारले. रुग्णालयाजवळील रस्त्यास त्यांचें नांव आहे, आणि वांद्र्यास बाहेरगांवच्या रोग्यांसाठीं असलेल्या निवासासही. दादरास संत गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा आहे. महाराज १९५६ सालीं निवर्तले. लोकांनीं दिलेला पैसा त्यांनीं पंढरपुरास, नाशकास धर्मशाळांत घातला. कमानीचा विषय निघाला कीं हें आम्हांस हटकून आठवतें! सेंट ज्यूडच्या नांवें २००६ पासून चालणारीं घरें बालरोग्यांच्या कुटुंबांसाठीं आहेत. साठीच्या आईची सोय अन्यत्रच पाहावी लागते. आणि जेथें तेथें जागेपेक्षां मागणारे अधिक.

मग भाड्याची खोली घ्यावी, तर घरमालक अकरा महिन्यांचा करार मागतो व मोठी अनामत मागतो. रोग्यास तर सहा-सात आठवड्यांपुरतीच जागा हवी असते. एकट्या कुटुंबास हा व्यवहार परवडत नाहीं. धर्मग्रामास परवडेल, कारण एक रोगी गेला कीं दुसरा येणारच, हें दुर्दैवानें निश्चित आहे. कर्करोग्याचें नांव काढतांच दार लावणारे घरमालकही आम्हांस भेटले. कर्करोग स्पर्शानें किंवा एका ताटांत जेवल्यानें लागत नाहीं, हें त्यांस समजावून सांगावें लागेल. व खरें बोलावयाचें तर आपल्यांतील कांहींजणांसही.

खोली मोठी नको. तळमजल्यावर असावी, अथवा उद्वाहन असावें, शौचकूप आंत असावा, दोनच खाटा. स्तनावरील शस्त्रक्रिया झालेल्या मातेस आंतून कडी लावतां येईल असें दार लागतें; पंचवीस खाटांच्या दालनांत तें मिळत नाहीं. आणि चूल अवश्य हवी. तोंडाच्या रोग्यास खाणावळीचें अन्न गिळवत नाहीं. त्यास तांदळाची पेज, मऊ भात, दुधांत कुसकरलेली भाकरी, तीही थोडी थोडी, दिवसांतून सहा वेळां द्यावी लागते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकतों. प्रवचनांत तेल व द्राक्षरस यांचें वर्णन होतें. परंतु त्या गृहस्थानें जखमी माणसास उतारशाळेंत नेलें, दोन दीनार मालकाच्या हातीं दिले, आणि अधिक खर्च झाल्यास परततांना देईन असें कबूल केलें, या व्यवहाराकडे आपलें लक्ष कमीच जातें.

खोलीवर हक्क कोणाचा, यावर तंटे होतील. म्हणून आतांच सांगतों. ज्याचा उपचार रोजचा आहे त्यास आधीं. वर्गणीदारास आधीं नव्हे. धर्माचा दाखला मागूं नये. रुग्णालयाचा कागद पुरे. चादरी व भांडीं देण्याचें महिला-मंडळानें मान्य केलें आहे. आतां दोन निवृत्त गृहस्थ पाहिजेत, जे आठवड्यांतून एकदां परळास जाऊन नळ, शेगडी व किल्ली पाहून येतील. नांवें सभेनंतर चिटणिसांकडे द्यावींत.